हात बरा होतोय, पण पटाशी कधी धरायची?

प्रश्न : मी ५३ वर्षांचा आहे. नोकरी हिशेबाची आणि सुट्टीच्या दिवशीचा छंद लाकूडकामाचा. नऊ आठवड्यांपूर्वी एका स्टुलाच्या पायातली खाच साफ करत होतो. लाकडाचा तुकडा डाव्या हातात धरला होता आणि उजव्या हाताने पटाशी दाबत होतो. पटाशी निसटली आणि डाव्या मधल्या बोटाच्या मुळाशी घुसली. बोट वाकवणारे दोन्ही टेंडन तुटले, अंगठ्याकडच्या बाजूची, स्पर्श कळवणारी नसही तुटली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे स्प्लिंट होता, तो काढून तीन आठवडे झाले. मूठ मिटली तर ते बोट तळहातापासून दोन बोटं लांबच राहतं, टोक बधिर आहे. नवल म्हणजे अनामिका आणि करंगळीला काहीही झालेलं नसताना त्याही घट्ट मिटत नाहीत. पत्नी म्हणते, सगळी हत्यारं विकून टाका. कुठे कटर मशीनचा आवाज आला तरी मला घाम फुटतो. पण अर्धवट स्टूल तसंच पडलंय आणि ते बघून जीव तुटतो. हात पूर्वीसारखा होईल का? काम कधी सुरू करू? की सोडूनच देऊ?
– एक हौशी सुतार

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचं उत्तर आधी देते, कारण ते तुम्हाला झोपू देत नसणार. सोडू नका, आणि हत्यारंही विकू नका. निदान या वर्षी तरी नाही. पटाशीने काम मात्र आत्ता करू नका. हाताला दुखापत झालेल्या माणसांना पुन्हा कामाला लावणं हेच माझं रोजचं काम आहे. नऊ आठवड्यांच्या बोटाकडे बघून उरलेल्या आयुष्याचा निर्णय घेणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. तो निर्णय घ्यायची ही वेळच नव्हे. तुमचं बोट आत्ता जसं आहे तसंच कायम राहणार, असं मुळीच नाही.

आत काय घडलं आणि काय घडतंय ते आधी समजून घेऊ. ते एकदा कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवता येतील.

मधल्या बोटाला वाकवणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारे दोर, असतात. एक मधला सांधा वाकवतो, दुसरा त्याच्या खालून पुढे जाऊन टोकाचा सांधा वाकवतो. दोन्हींचे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. तिथून हे दोर मनगटातून, तळहातातून बोटात येतात. बोटाच्या मुळापासून पुढे ते एका अरुंद बोगद्यातून एकमेकांना चिकटून सरकतात. तुमची पटाशी नेमकी तिथे शिरली. हाताच्या शस्त्रक्रियेत या पट्ट्याला एकेकाळी ‘नो मॅन्स लँड’ म्हणत असत, कारण इथे टाके घातलेले टेंडन सांधले जायचे, पण बोगद्याच्या भिंतीला आणि एकमेकांना चिकटून बसायचे. आता तंत्र खूप सुधारलं आहे. अडचण मात्र मुळात तीच आहे. टेंडन सांधला जायला विश्रांती लागते आणि चिकटू नये म्हणून हालचाल लागते. तुम्हाला स्प्लिंटमध्येच ठरावीक हालचाली करायला लावल्या असतील, त्या याचसाठी.

आता अनामिका आणि करंगळीचं. तुमच्या पत्रातली ही ओळ वाचून मला बरं वाटलं, कारण तुम्ही हाताकडे नीट बघताय. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांची टोकं वाकवणारे टेंडन वेगवेगळे असले तरी ते बऱ्याच अंशी एकाच स्नायूतून निघतात. एक टेंडन अडकला की तो स्नायू पुरेसा आखडत नाही, आणि शेजारच्या धडधाकट बोटांनाही शेवटची ओढ मिळत नाही. तर्जनीचा भाग त्यातल्या त्यात स्वतंत्र असतो, म्हणून ती तुम्हाला ठीक वाटते. शिवाय सहा आठवडे बांधून ठेवलेल्या हातात सांधेही आखडतात. करंगळी आणि अनामिका ही घट्ट मुठीची बोटं आहेत, त्यामुळे तुम्हाला सगळा हातच गेल्यासारखं वाटत असेल. तसं काही झालेलं नाही. मधल्या बोटाचा टेंडन जसजसा मोकळा सरकेल, तशी ही दोन्ही बोटंही मिटू लागतील.

म्हणून आत्ताचं तुमचं खरं काम व्यायाम हेच आहे, आणि तो थोडा-थोडा, वरचेवर करायचा आहे. सकाळी एकदा अर्धा तास घाम गाळून दिवसभर हात मांडीवर ठेवण्यापेक्षा दिवसातून सात-आठ वेळा पाच-पाच मिनिटं हजार पटीने बरी. तुमच्या थेरपिस्टने दाखवलेल्या मुद्रा, म्हणजे बोटं सरळ, मग फक्त पुढचे दोन सांधे वाकवून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, मग बोटांची टोकं सरळ ठेवून तळहाताला टेकवणं, या प्रत्येकीत टेंडन वेगवेगळ्या अंतराने सरकतो. एकीला कंटाळून दुसरीच करत राहू नका. आधी हात कोमट पाण्यात किंवा गरम टॉवेलमध्ये पाच मिनिटं ठेवा. त्या बोटाला ऊन-गार नीट कळत नाही, तेव्हा पाणी उजव्या हाताने आधी तपासा. व्यायामानंतर हात थोडा वेळ छातीच्या वर धरा. सूज उतरली नाही तर सांधा वाकायला जागाच उरत नाही.

किती केलं म्हणजे जास्त झालं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. उठल्यावर बोट कालच्यापेक्षा सुजलेलं आणि जास्त ताठ असेल, तर कालचा डोस जास्त झाला. आज निम्मं करा. व्यायाम करताना ओढ बसणं ठीक आहे, तीक्ष्ण कळ येणं ठीक नाही. उजव्या हाताने डावं बोट जबरदस्तीने सरळ ताणणं किंवा दाबून मिटवणं, हे सर्जन किंवा थेरपिस्टने स्पष्ट सांगितल्याशिवाय अजिबात करू नका. ‘जरा जोर लावला की सुटेल’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. जोराने चिकटलेला टेंडन सुटत नाही, सांधलेला तुटू शकतो. आणि कधी हातात ‘टक्’ झालं आणि मगाशी वाकत होतं ते टोक एकदम वाकेनासं झालं, तर दुखत नसलं तरी वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जनला गाठा. लाली वाढत जाणं, पू, ताप, किंवा जखमेच्या मानाने फारच जास्त दुखणं आणि त्याबरोबर हाताचा रंग बदलणं, घाम येणं, यालाही हाच नियम. एक आगाऊ विचारते. तंबाखू किंवा सिगारेट आहे का? असेल तर हे वर्ष तरी बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटाच्या टोकाला आधीच कमी पोचणारं रक्त आणखी कमी होतं.

टाक्यांच्या जागची कातडी पूर्ण भरली असेल, तर व्रणावर साधं क्रीम लावून बोटाने गोल-गोल मसाज करा. व्रण मऊ आणि फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर तो उन्हात काळवंडतो, म्हणून झाकून ठेवा. बाकी व्रणाची फार काळजी करू नका.

काळजी करायचीच तर बधिर टोकाची करा. ताठ बोटाने फार तर काम हळू होतं, पण बधिर बोट कापलं गेलं, भाजलं, तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

नस जोडली की तिचा पुढचा भाग आधी मरतो आणि मग जोडापासून नवे तंतू पुढे वाढत जातात. सुरुवातीला काही आठवडे थांबून, मग दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने. तुमच्या बोटाच्या मुळापासून टोकापर्यंतचं अंतर सात-आठ सेंटीमीटर धरा. म्हणजे टोकापर्यंत नुसतं पोचायलाच तीन-चार महिने लागणार, आणि पोचल्यावर स्पर्श ओळखण्याइतकं जुळायला त्याहून बराच जास्त काळ. नऊ आठवड्यांना टोक बधिर असणं हे अपयश नाही, गणिताप्रमाणेच आहे. एक साधी तपासणी करून बघा. बोटाच्या टोकाकडून मुळाकडे हलक्या टिचक्या मारत या. जिथे एकदम मुंग्या किंवा झिणझिण्या टोकाकडे जातात, साधारण तिथवर तंतू आले आहेत. ती जागा तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या महिन्यात ती पुढे सरकलेली दिसली, की मनाला जो धीर येईल तो माझ्या शब्दांनी येणार नाही.

खोटा दिलासाही देत नाही. प्रौढ माणसाच्या जोडलेल्या नसेला पूर्वीइतकी बारीक जाणीव क्वचितच परत येते. टोचलं, भाजलं, कापलं हे कळण्याइतकी जाणीव मात्र बहुतेकांना येते, आणि सरावाने ती धारदार करता येते. थंडीत ते बोट दुखणं, पांढरं पडणं हे वर्ष-दोन वर्ष, कधी त्याहूनही जास्त चालतं. थंड लोखंडी रंध्याला डावा हात लावताच कळ आली तर घाबरू नका. हत्यार खोलीत आधी ऊबदार होऊ द्या, मनगट झाकून ठेवा.

सरावासाठी लागणारं सामान तुमच्याकडेच पडून आहे. बोटावर थोडासा स्पर्श कळायला लागला की पॉलिश पेपरचे तीन तुकडे घ्या, ६०, १२० आणि २२० नंबरचे. डोळे उघडे ठेवून आधी उजव्या मधल्या बोटाने हलकेच चाचपा, मग डाव्या. मग डोळे मिटून डाव्या बोटाने सांगा, कोणता नंबर आहे. चुकलात तर डोळे उघडून बघा, पुन्हा चाचपा. बोट घासायचं नाही, नुसतं टेकवून सरकवायचं, आणि प्रत्येक वेळी कातडी तपासायची. ६० आणि २२० मधला फरक कळू लागला की तिथे रंधलेलं लाकूड आणि न रंधलेलं लाकूड ठेवा. मग कोरड्या वाळूच्या डब्यात स्क्रू, वॉशर, लाकडी खुंटी पुरून ठेवा आणि न बघता शोधा. या सरावात मेंदू नव्या तंतूंकडून येणारे संदेश पुन्हा वाचायला शिकतो. इथेही दिवसातून तीन-चारदा पाच-दहा मिनिटं पुरतात, थकल्यावर करून उपयोग नसतो. पहिले काही आठवडे सगळंच सारखं लागेल. तरी सोडू नका, हा सराव लवकर सोडून दिल्याची हळहळ मी फार ऐकली आहे.

आता लाकूडकामाकडे येते. उजव्या हाताला काही झालं नाही म्हणून लोक म्हणतील, ‘नशीब, डावा होता.’ ते लाकूडकाम न करणाऱ्यांचं बोलणं आहे. तुमचा डावा हात काय-काय करत होता ते आठवा. रंधा मारताना पुढची मूठ दाबून पातं लाकडावर बसवत होता. पटाशीने तासताना पात्याला चिमटीत धरून तिला वळण देत होता आणि ब्रेक लावत होता. करवतीचा पहिला ओढा घेताना अंगठ्याच्या कडेने पातं रेघेवर ठेवत होता. खिळा धरत होता. आणि तासून झालेल्या भागावरून बोट फिरवून, डोळ्यांना न दिसणारा उंचवटा शोधत होता. शिवाय एक काम तो करत होता, जे त्याचं नव्हतंच. तो शिकंजा झाला होता.

लहान तुकडा बेंचला बांधायचा कंटाळा येतो. ‘एवढंसं तर काढायचंय’ म्हणून तो हातात धरला जातो, आणि पटाशी त्याच हाताच्या दिशेने दाबली जाते. पटाशीच्या दुखापती अशाच होतात, हौशी माणसांच्याच नव्हे, मुरलेल्या सुतारांच्याही. खाचेच्या तळाशी एखादी गाठ किंवा आडवे रेषे लागले की पटाशी अडते, आपण जोर वाढवतो, आणि रेषा तुटल्याक्षणी तो सगळा जोर पुढे जातो. पुढे जे असेल त्यात ती शिरते. बोथट पटाशी यात जास्त वाईट, कारण तिला जोर जास्त लागतो. तुम्ही धार लावलेली होती की नव्हती हे लिहिलेलं नाही, आणि मी विचारतही नाही. स्वतःला दोष देण्यात नऊ आठवडे गेले असतील, तेवढे पुरे.

मात्र पुन्हा सुरू कराल तेव्हा तुकडा हातात धरून काहीही तासायचं नाही. दोन्ही हात कायम धारेच्या मागे. हा नियम जुन्या सुतारांकडे शिकणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत, आणि तो आता तुमच्याकडे सवयीने नाही तर व्यवस्थेने पाळला गेला पाहिजे. बेंचला चांगला शिकंजा बसवा. तो उजव्या हाताने फिरवता येईल अशा बाजूला असू द्या. लहान तुकड्यांसाठी एक फळी करा, खालच्या बाजूला एक पट्टी जी बेंचच्या कडेला अडकेल, वरच्या बाजूला एक पट्टी जिला तुकडा टेकेल. कापताना आणि तासताना तुकडा त्या पट्टीवर दाबला जातो, त्याला धरावं लागत नाही. विचित्र आकाराच्या तुकड्यांना दोन क्लॅम्प. क्लॅम्प लावायला लागणारं एक मिनिट ज्या कामाला परवडत नाही, ते काम त्या दिवशी करायचं नाही.

आणखी दोन गोष्टी फक्त बधिर बोटासाठी. धार लावताना आपण पटाशीच्या पाठीवर डाव्या हाताची बोटं दाबून ती दगडावर पुढे-मागे करतो. बोटाचं टोक पात्याच्या कडेवरून जरा खाली उतरलं की तेही दगडावर घासलं जातं. जाणीव असलेला माणूस दोन घासण्यांत बोट उचलतो. तुम्ही उचलणार नाही. दगडावरचं पाणी लालसर दिसेल तेव्हा कळेल. म्हणून धार लावताना मधलं बोट मुद्दाम उचलून ठेवा, दाब तर्जनीचा. पातं ठरावीक कोनात धरणारी चाकांची गाडी वापरत असाल तर उत्तमच. दुसरी गोष्ट, काम संपलं की दिव्याखाली हात नीट बघा, पुढून, मागून, बोटांच्या मधून. बधिर जागेत शिरलेलं लाकडाचं कुसळ दुखत नाही, थेट पिकतं. आणि गरम गोंद, तापलेलं पातं, सॉल्व्हंट यांना डावं मधलं बोट लावण्याआधी डोळ्यांनी नीट बघायचं.

हातमोजे घालू का, असं पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आत्ताच सांगते. फिरणाऱ्या मशीनजवळ मुळीच नको, मोजा पात्यात किंवा ड्रिलमध्ये गुंडाळला गेला की हात आत ओढला जातो. कापण्यापासून वाचवणारे विणलेले मोजे कोरीवकामात उपयोगी पडतात, पण पटाशीचं टोक थेट घुसायला लागलं तर ते ते थांबवतीलच असं नाही.

काम कधी सुरू करायचं, याचं उत्तर कामानुसार बदलतं. काही कामं तुम्ही याच आठवड्यात सुरू करू शकता, आणि करावीत, कारण आवडीचं काम हा उत्तम व्यायाम असतो. स्टुलाचं चित्र पुन्हा काढा, मापं घ्या, गुण्या लावून रेघा मारा. डाव्या हाताने गुण्या टेकवून धरणं हे हलकं आणि नेमकं काम आहे, नेमकं तेच हवंय. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून सपाट भाग घासा, काम उजव्या हाताने, डावा नुसता टेकलेला, दहा मिनिटं, मग विश्रांती. ब्रशने तेल लावणंही चालेल. जोर लावायची कामं, म्हणजे क्लॅम्पचा स्क्रू डाव्या हाताने आवळणं, फळी उचलणं, रंध्याची पुढची मूठ दाबणं, हातोडी, मोगरी, हे १२ आठवड्यांच्या आसपास आणि तेही सर्जनने हिरवा कंदील दाखवल्यावर. तेव्हाही मऊ लाकडावर, बारीक पातं काढून, एकेक छिलका. सँडर, जिगसॉ यांसारखी थरथरणारी मशीन आणखी लांबवा. वाढत्या नसेला आणि थंडीने दुखणाऱ्या बोटाला कंप मानवत नाही. टेबल सॉ (टेबलातून वर आलेलं फिरतं पातं) सर्वांत शेवटी. तोही मूठ पूर्ण मिटायला लागल्यावर, पात्यावरचं गार्ड आणि पात्यामागची रायव्हिंग नाइफ (चिरलेलं लाकूड पात्यावर मिटू न देणारी पट्टी) जागेवर ठेवून, दोन्ही हातांत ढकलायच्या काठ्या घेऊन. ताठ बोट फिरत्या पात्याजवळ वेळेवर मागे घेता येत नाही. त्वचेचा स्पर्श होताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवणाऱ्या टेबल सॉ २००४ पासून मिळतात. नवीन मशीन घ्यायचा विचार कधी आलाच तर तशीच घ्या. पण खरं सांगू का, स्टुलासाठी टेबल सॉ लागतच नाही.

मुठी जाड करून घ्या, हा एक सोपा उपाय लोक विसरतात. मधलं बोट तळहातापासून दोन बोटं लांब राहतंय, म्हणजे बारीक दांडा तुमच्या मुठीत सैल राहणार आणि तुम्ही तो घट्ट धरायला धडपडणार. दांड्यावर फोमची नळी किंवा कापडी टेप गुंडाळून तो जाड केला की कमी वाकलेली बोटंही त्याला पुरतात. बोट जसजसं जास्त मिटेल तसतशी टेप उतरवत न्या. दर थराबरोबर बोटाची प्रगतीही मोजली जाईल.

घाम फुटण्याबद्दल. पटाशीने जखम झालेल्या माणसाला कटरच्या आवाजाने घाम फुटावा, यात काही वेडंवाकडं नाही. शरीराने त्या दिवशीची सगळी खोली, सगळे आवाज आणि वास एकाच गाठोड्यात बांधून ठेवले आहेत. ते गाठोडं धीराने सोडवावं लागतं. आधी नुसते तिथे जाऊन बसा, काही न करता. दुसऱ्या दिवशी हत्यारं पुसा, तेल लावा, जागच्या जागी ठेवा. ती पटाशीही उचला, पुसा, ठेवा. घाम आला तर तिथेच थांबा, श्वास संथ होईपर्यंत बसा आणि मगच बाहेर या. भीती चढलेली असताना पळून आलं की ती पुढच्या वेळी जास्त चढते. कुणी ‘हं, आता चालवा बघू मशीन’ म्हणून मागे उभं असेल तर त्यांना प्रेमाने घरात पाठवा. मात्र रात्री तो क्षण पुन्हा-पुन्हा दिसत असेल, झोप मोडत असेल, तर समुपदेशकाकडे जा. नऊ आठवडे हा पुरेसा काळ आहे, ‘आपोआप जाईल’ म्हणत बसू नका. या भीतीवर चांगले उपचार आहेत आणि ते लवकर लागू पडतात.

आणि वहिनींचं. त्या ‘विकून टाका’ म्हणतात तेव्हा त्यांना तुमचा छंद नकोय असं मला वाटत नाही. त्या रात्री रक्त तुम्ही पाहिलंत, तसं त्यांनीही पाहिलं. तुम्हाला निदान हात दाबून धरायचं काम होतं, त्यांना नुसतं बघत बसावं लागलं असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. शिकंजा बसवाल त्या दिवशी त्यांना बोलावून दाखवा, आता तुकडा इथे असेल, हात इथे असतील, पटाशी निसटली तर या मोकळ्या जागेत जाईल. फर्स्ट एडची पेटी आणि फोन हाताशी कुठे आहेत ते दाखवा. एकटे घरी असताना धारदार काम करणार नाही, एवढा शब्द द्या आणि पाळा. स्टुलाच्या पायावर रक्ताचा डाग असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइडने तो बराच निघतो. पण त्यांना तो बघवत नसेल तर सरळ दुसरं लाकूड घेऊन तो पाय नव्याने करा. एका पायाच्या लाकडाचा हट्ट कशाला?

हात पूर्वीसारखा होईल का? अगदी तसाच होईल असं मी म्हणणार नाही. शेवटचा थोडासा वाक कमी राहील, बोटाचा स्पर्श जरा बोथट राहील, अशी शक्यता आहे. पण अशा हाताने सुबक, नेमकं लाकूडकाम करणारी माणसं आहेत. तासलेला पृष्ठभाग तपासायला तुम्ही तर्जनी वापरायला शिकाल, काही दिवसांनी ते लक्षातही राहणार नाही. मन लावून व्यायाम करूनही टेंडन चिकटलेलाच राहिला, तर तो मोकळा करण्याची वेगळी शस्त्रक्रिया असते. तिचा विचार साधारणपणे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनी करतात, त्याआधी नाही. म्हणजे सर्जनसुद्धा इतक्यात या बोटाचा निकाल लावत नाहीत.

पुढच्या तपासणीला जाताना तीन गोष्टी विचारून या. डाव्या हाताने किती वजन आज उचलू आणि १२ आठवड्यांनी किती. बोट ताणून सरळ करायला कधीपासून परवानगी. आणि दुसऱ्या हाताशी तुलना करून पकडीचा जोर मोजाल का. थेरपिस्टकडे जाताना तुमच्या पटाशीचा पातं काढलेला दांडा, रंध्याची पुढची मूठ आणि त्या खाचेच्या मापाचा लाकडाचा तुकडा पिशवीत घालून न्या. तुम्ही ते कसं धरता हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, की रबराचा चेंडू दाबण्याऐवजी ते तुम्हाला तुमच्या कामाचाच व्यायाम लावून देतील.